लॉर्ड टेन्बी ऊर्फ ग्विलिम लॉइड जॉर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्याबद्दल प्रश्न येतात यात नवल नाही, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात त्यांचं नाव असतंच. पण त्यांच्या धाकट्या मुलाबद्दलही, म्हणजे ग्विलिमबद्दलही, सतत विचारणा होते. कुणी रूथ एलिसच्या फाशीचं वाचता वाचता त्यांच्यापर्यंत पोचतं, कुणी कार्डिफला शिकायला गेल्यावर. कुणाला फक्त एवढंच हवं असतं की 'लॉर्ड टेन्बी' आणि 'अर्ल लॉइड जॉर्ज' ही एकच व्यक्ती की दोन. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. तोच विषय दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. लॉर्ड टेन्बी म्हणजे कोण? थोडक्यात सांगा.

ग्विलिम लॉइड जॉर्ज, पहिले व्हायकाउंट टेन्बी. जन्म ४ डिसेंबर १८९४, उत्तर वेल्समधल्या क्रिकिएथ या समुद्रकाठच्या गावी. वडील डेव्हिड लॉइड जॉर्ज पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. ग्विलिम १९२२ ते १९२४ आणि १९२९ ते १९५० पेंब्रोकशरचे खासदार होते, नंतर १९५१ ते १९५७ न्यूकॅसल अपॉन टाइन नॉर्थचे. दुसऱ्या महायुद्धात ते इंधन व ऊर्जामंत्री होते, चर्चिल यांच्या नंतरच्या सरकारात अन्नमंत्री आणि शेवटी गृहमंत्री. फेब्रुवारी १९५७ मध्ये उमरावपद मिळून ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

२. घराणं राजकारणी म्हणजे किती राजकारणी?

पुरेपूर. वडील १८९० पासून १९४५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ५५ वर्षं, कार्नार्व्हन बरोज या एकाच मतदारसंघाचे खासदार. १९०८ पासून अर्थमंत्री, डिसेंबर १९१६ ते ऑक्टोबर १९२२ पंतप्रधान. आई मार्गारेट क्रिकिएथजवळच्या सधन शेतकऱ्याची मुलगी. लंडनपेक्षा गावात रमणारी, पण प्रचाराला उभी राहिली की वेल्श मतदारांना नवऱ्याइतकीच आपली वाटणारी.

मुलं पाच: रिचर्ड, माइर, ओल्वेन, ग्विलिम आणि मेगन. माइर १९०७ मध्ये, ऐन तारुण्यात गेली. निवडणुकीच्या राजकारणात ग्विलिम आणि मेगन हे दोघंच उतरले, आणि दोघंही कित्येक वर्षं वडिलांबरोबर एकाच सभागृहात बसले. घरात बोलणं वेल्शमध्ये. ब्रिटनच्या पंतप्रधानाच्या घरात जेवताना इंग्रजी नव्हे तर वेल्श कानावर पडायची, हे लंडनच्या बड्या मंडळींना शेवटपर्यंत थोडं विचित्रच वाटत राहिलं.

३. वडील सत्तेत होते. मग पहिल्या महायुद्धात मुलाला सुरक्षित जागा मिळाली का?

सुरुवातीला हो, आणि ते झाकून ठेवण्याचं कारण नाही. १९१४ मध्ये ग्विलिम रॉयल वेल्श फ्युसिलिअर्समध्ये दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी ३८ व्या वेल्श डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल आयव्हर फिलिप्स यांचे एडीसी, म्हणजे खास सहायक अधिकारी, झाले. फिलिप्स स्वतः लिबरल खासदार आणि लॉइड जॉर्ज यांच्या गोटातले. ही नेमणूक कशी झाली हे त्या काळातही कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

मात्र ग्विलिम तिथे थांबले नाहीत. ते तोफखान्यात गेले, पश्चिम आघाडीवर लढले आणि मेजर होऊन परतले. संसदेत पुढे बरीच वर्षं त्यांचा उल्लेख 'मेजर लॉइड जॉर्ज' असाच होई. दोन लॉइड जॉर्ज एकाच सभागृहात असल्यामुळे त्याची सोयही होती.

४. १९२२ मध्ये ते निवडून आले ते स्वतःच्या बळावर की आडनावावर?

आडनावावर. ऑक्टोबर १९२२ मध्ये वडिलांचं पंतप्रधानपद गेलं आणि नोव्हेंबरात निवडणूक झाली. लिबरल पक्ष तेव्हा दुभंगलेला होता: एक गट अॅस्क्विथ यांचा, दुसरा लॉइड जॉर्ज यांचा. ग्विलिम वडिलांच्या गटाकडून, म्हणजे नॅशनल लिबरल म्हणून, पेंब्रोकशरमधून जिंकले. तोवर त्यांच्या खात्यावर सैन्यातली नोकरी सोडली तर दाखवण्यासारखं काही नव्हतं.

पण आडनाव कायम पुरत नाही. १९२४ मध्ये ते हरले. मधल्या काळात वडिलांच्या ताब्यातल्या युनायटेड न्यूजपेपर्स या कंपनीचं व्यवस्थापन पाहिलं. १९२९ मध्ये पुन्हा त्याच जागेवरून निवडून आले आणि मग २१ वर्षं टिकले. त्या २१ वर्षांचं श्रेय मी त्यांना देतो. पेंब्रोकशर सोपा मतदारसंघ नव्हे. उत्तर भाग वेल्श बोलणारा, दक्षिण भाग शतकानुशतकं इंग्रजी बोलणारा, आणि दोन्हीकडच्या लोकांना समोरचा उमेदवार 'आपला' वाटायला हवा.

५. 'चार जणांचा कौटुंबिक पक्ष' हा काय प्रकार आहे?

ही थट्टा नाही, खरंच घडलेलं आहे. ऑगस्ट १९३१ मध्ये आर्थिक संकटातून सर्वपक्षीय सरकार बनलं तेव्हा लॉइड जॉर्ज शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेले होते. ग्विलिम यांना व्यापार खात्यात कनिष्ठ मंत्रिपद मिळालं. काही आठवड्यांतच सरकारने निवडणूक घ्यायचं ठरवलं. वडिलांचा त्याला कडाडून विरोध होता, आणि ग्विलिम पद सोडून बाहेर पडले.

निवडणुकीनंतर लिबरल पक्षाची तीन शकलं झाली. सरकारशी एकरूप झालेला सायमन गट, तळ्यात-मळ्यात करणारा सॅम्युएल गट आणि लॉइड जॉर्ज गट. या तिसऱ्या गटात चार खासदार: स्वतः लॉइड जॉर्ज, मुलगा ग्विलिम, मुलगी मेगन आणि गोरोन्वी ओवेन. हे ओवेन म्हणजे ग्विलिम यांचे साडू. चौघांचे चारही मतदारसंघ वेल्समधले. घराणेशाहीवर आपल्याकडे तावातावाने चर्चा चालते तेव्हा मला हा गट हमखास आठवतो, कारण इथे पक्षाची बैठक आणि घरचं जेवण एकाच टेबलावर उरकता आलं असतं.

६. ते नक्की कोणत्या पक्षाचे? प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं असतं.

कारण प्रत्येक निवडणुकीत ते वेगळंच होतं. १९२२ मध्ये नॅशनल लिबरल, १९२९ मध्ये लिबरल, १९३१ मध्ये वडिलांच्या गटाचे स्वतंत्र लिबरल, नंतर पुन्हा मूळ लिबरल पक्षात. मे १९४५ मध्ये युद्धकालीन संयुक्त सरकार फुटलं, लिबरल पक्ष बाहेर पडला, पण ग्विलिम चर्चिल यांच्या काळजीवाहू सरकारात मंत्री म्हणून राहिले. खरी फारकत तिथे झाली. युद्धानंतर विरोधी बाकांवर ते कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्यांच्या रांगेत बसू लागले, पण स्वतःला लिबरलच म्हणवत राहिले. १९५१ मध्ये ते न्यूकॅसलमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पाठिंब्यावर 'नॅशनल लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह' अशा जोडनावाने निवडून आले.

एका ओळीत उत्तर हवं असेल तर: नावाने लिबरल, १९४५ नंतर कामाने कॉन्झर्व्हेटिव्ह. बहिणीने नेमकी उलटी दिशा पकडली. त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

७. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी काय केलं?

सप्टेंबर १९३९ मध्ये चेंबरलेन यांनी त्यांना पुन्हा व्यापार खात्यात कनिष्ठ मंत्री केलं. त्यामुळे मे १९४० मध्ये एक चमत्कारिक प्रसंग उद्भवला. नॉर्वे मोहिमेवरच्या गाजलेल्या चर्चेत लॉइड जॉर्ज यांनी चेंबरलेन यांनाच पद सोडण्याचं आवाहन केलं, तेव्हा त्याच सरकारात त्यांचा मुलगा मंत्री होता. वडिलांना त्या दिवशी सभागृहात बोलायला तयार केलं ते मेगनने.

चर्चिल आल्यावर ग्विलिम अन्न खात्यात गेले. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसत, त्यामुळे कॉमन्समध्ये रेशनवरच्या प्रश्नांना तोंड द्यायचं काम ग्विलिम यांच्यावर आलं. जून १९४२ मध्ये इंधन व ऊर्जा असं नवं खातं काढून ते त्यांच्याकडे दिलं गेलं. काम नकोसं होतं. कोळसा कमी, खाणकामगार कमी, आणि खाणी अजून खासगी मालकीच्या. डिसेंबर १९४३ पासून सक्तीच्या भरतीतल्या तरुणांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून सैन्याऐवजी खाणीत पाठवू लागले. त्यांना कामगारमंत्री बेव्हिन यांच्या नावावरून 'बेव्हिन बॉइज' म्हणत. १९४४ च्या सुरुवातीला दक्षिण वेल्समधल्या खाणकामगारांनी मोठा संप केला. वेल्श मंत्री आणि संपावर वेल्श कामगार, तेही नॉर्मंडीच्या चढाईला काही महिने उरले असताना.

८. ब्रिटनमधलं रेशनिंग त्यांनी बंद केलं, हे खरं का?

हो. ऑक्टोबर १९५१ मध्ये ते अन्नमंत्री झाले तेव्हा युद्ध संपून सहा वर्षं उलटली होती, तरी चहा, साखर, लोणी, मटण, सगळं कूपनवर होतं. चहा ऑक्टोबर १९५२ मध्ये मोकळा झाला. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या-चॉकलेटं सुटली आणि देशभर पोरांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात साखर, मे १९५४ मध्ये लोणी-चीज, आणि ४ जुलै १९५४ रोजी मांस. जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेलं अन्नधान्याचं रेशनिंग साडेचौदा वर्षांनी संपलं.

टप्प्याटप्प्याने करण्यामागे कारण होतं. पुरवठा पुरेसा नसताना एखादी वस्तू मोकळी सोडली तर भाव भडकतात आणि मग ती पुन्हा कूपनवर आणावी लागते. १९४९ मध्ये मिठाईच्या बाबतीत मजूर सरकारचं नेमकं हेच झालं होतं. ग्विलिम यांनी घाई केली नाही. त्यांचं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि त्यांच्या आठवणीत ते सगळ्यात कमी निघतं. जाता जाता: कोळशाचं रेशनिंग मात्र १९५८ पर्यंत चालूच राहिलं.

९. ते गृहमंत्री कसे झाले?

ऑक्टोबर १९५४ मध्ये चर्चिल यांनी मंत्रिमंडळात फेरबदल केले. डेव्हिड मॅक्सवेल फाइफ लॉर्ड चॅन्सेलर झाले आणि गृहखातं ग्विलिम यांना मिळालं. त्याला जोडून वेल्श कारभाराचं मंत्रिपदही आलं, कारण १९५१ पासून ती जबाबदारी गृहमंत्र्याकडेच होती.

चर्चिल आणि थोरले लॉइड जॉर्ज यांचा जुना स्नेह इथे उपयोगी पडला, पण तेवढ्याने गृहखातं कुणाला मिळत नाही. माझं मत असं की ग्विलिम वर गेले ते वडिलांसारखे नव्हते म्हणून. वडील सभा जिंकत आणि सहकारी गमावत. मुलाचं भाषण कुणाला आठवत नाही, पण त्याच्या हातात खातं दिलं तर ते नीट चालेल याची खात्री असे. आणि वडिलांभोवती पैशाच्या आणि बायकांच्या ज्या वदंता फिरत, तसलं काही त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे.

१०. रूथ एलिसला फाशी त्यांनी दिली का?

शिक्षा न्यायालयाने दिली. ती माफ न करण्याचा निर्णय त्यांचा.

रूथ एलिस २८ वर्षांची, लंडनच्या एका नाइटक्लबची व्यवस्थापक. १० एप्रिल १९५५ रोजी तिने हॅम्पस्टेडमधल्या मॅग्डाला पबबाहेर आपला प्रियकर डेव्हिड ब्लेकली याला गोळ्या घातल्या. त्याच्याकडून तिला वारंवार मारहाण होत होती. जूनमधल्या खटल्यात सरकारी वकिलाने तिला विचारलं की गोळी झाडताना हेतू काय होता, आणि तिने तो मारण्याचाच होता असं सरळ सांगून टाकलं. ज्युरीला अर्धा तासही लागला नाही. खुनाला त्या काळी एकच शिक्षा होती.

आपल्याकडे दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे जातो. तिथे तो राणीच्या नावाने असला तरी निर्णय प्रत्यक्षात गृहमंत्र्याचा असे. फाशी ठरलेल्या बहुतेक स्त्रियांची शिक्षा तोवर बदलली जात होती, त्यामुळे इथेही तसंच होईल अशी अनेकांची अपेक्षा होती. हजारो सह्यांचे अर्ज आले. फाशीच्या आदल्या दिवशी तिने वकिलांना सांगितलं की पिस्तूल दुसऱ्या एका माणसाने दिलं होतं. ही माहिती गृहखात्यापर्यंत पोचली, पण निर्णय फिरला नाही. १३ जुलै १९५५ रोजी हॉलोवे तुरुंगात तिला फाशी झाली. ब्रिटनमध्ये फाशी गेलेली ती शेवटची स्त्री.

ग्विलिम यांच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच की भर रस्त्यावर गोळीबार झाला होता आणि वाटेवरची एक महिलाही जखमी झाली होती. कायद्याच्या चौकटीत त्यांचा निर्णय बसत होता. पण माफीचा अधिकार ठेवलेलाच असतो तो कायद्याची चौकट अपुरी पडते तेव्हासाठी. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, आणि १९५५ च्या ब्रिटनमध्येही तसं वाटणारे पुष्कळ होते.

गुंता आणखी आहे. १९४८ मध्ये फाशी स्थगित करण्याच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांत ग्विलिम होते. गृहमंत्री झाल्यावर, फेब्रुवारी १९५५ च्या चर्चेत, त्यांनी आपलं मत बदलल्याचं सभागृहात सांगितलं. एलिस प्रकरणानंतर वारं फिरलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये कॉमन्सने २९३ विरुद्ध २६२ मतांनी फाशी रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला, लॉर्ड्सने तो फेटाळला, आणि तडजोड म्हणून मार्च १९५७ मध्ये नवा मनुष्यवध कायदा आला. मानसिक स्थितीमुळे जबाबदारी कमी धरण्याचा बचाव इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याने पहिल्यांदा उपलब्ध झाला. तोवर ग्विलिम गृहखात्यात नव्हते.

११. डेरेक बेंटली आणि टिमोथी एव्हान्स यांच्या फाशीचा दोषही त्यांच्यावर येतो का?

नाही. ही गफलत फार होते. एव्हान्सला, जो वेल्श होता, मार्च १९५० मध्ये फाशी झाली तेव्हा गृहमंत्री मजूर पक्षाचे चूटर ईड होते. बेंटलीची फाशी जानेवारी १९५३ ची, गृहमंत्री मॅक्सवेल फाइफ. तिन्ही प्रकरणं फाशीविरोधी चळवळीत एका दमात घेतली जातात, म्हणून तिन्हींच्या वेळी एकच गृहमंत्री होता असा समज होतो.

१२. भाऊ उजवीकडे, बहीण डावीकडे. दोघांचं भांडण होतं का?

मेगन १९२९ मध्ये अँगलसीतून निवडून आली. वेल्समधली पहिली महिला खासदार. १९५१ पर्यंत ती जागा तिच्याकडे राहिली. लिबरल पक्षाची ती काही काळ उपनेतीही होती, पण पक्ष उजवीकडे झुकतोय असं वाटून एप्रिल १९५५ मध्ये मजूर पक्षात गेली. त्या वेळी भाऊ कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारचा गृहमंत्री होता.

खरी पंचाईत वेल्सच्या प्रश्नावर झाली. १९५० पासून 'वेल्सला स्वतःची संसद हवी' अशी सह्यांची मोहीम चालू होती आणि तिची अध्यक्ष मेगन. १९५६ मध्ये जवळपास अडीच लाख सह्यांचा अर्ज संसदेत सादर झाला तेव्हा वेल्श कारभाराचे मंत्री ग्विलिम. बहिणीने मागितलं आणि भावाच्या सरकारने दिलं नाही, असं ते सरळ आहे.

यावरून घरात अबोला होता असं समजू नका. राजकारणातल्या वाटा वेगळ्या होऊनही नातं टिकलं. घरातला कडवटपणा होता तो मुख्यतः वडिलांच्या दुसऱ्या लग्नावरून. आई १९४१ मध्ये वारली आणि १९४३ मध्ये वडिलांनी आपली जुनी सेक्रेटरी फ्रान्सेस स्टीव्हन्सन हिच्याशी लग्न केलं. मेगनने ते कधीच मनाने स्वीकारलं नाही.

तारखा पाहिल्या तर गंमत वाटते. १२ फेब्रुवारी १९५७ रोजी ग्विलिम व्हायकाउंट झाले, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला कार्मार्दनची पोटनिवडणूक जिंकून मेगन मजूर पक्षाची खासदार म्हणून कॉमन्समध्ये परतली. ती जागा तिने लिबरलांकडूनच हिसकावली. मे १९६६ मध्ये ती वारली आणि जुलैमधल्या पोटनिवडणुकीत तिथून ग्विन्फोर एव्हान्स निवडून आले, प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार. ग्विलिम तेव्हा हयात होते.

१३. कार्डिफला राजधानी त्यांनी केलं म्हणतात. त्याआधी वेल्सची राजधानी कोणती होती?

कोणतीच नव्हती. सोळाव्या शतकात वेल्स इंग्लंडच्या राज्यात कायद्याने मिसळला गेला आणि वेगळ्या राजधानीचा प्रश्नच उरला नाही. विसाव्या शतकात तो पुन्हा निघाला. दावेदार तीन: दक्षिणेतलं कार्डिफ, पश्चिम किनाऱ्यावरचं अबरिस्टविथ आणि वायव्येकडचं कार्नार्व्हन. कार्डिफ सर्वांत मोठं, कोळशाच्या व्यापारावर वाढलेलं, पण अनेक वेल्शभाषकांना ते फार इंग्रजी वाटे. कार्नार्व्हनकडे किल्ला होता, आणि १९११ मध्ये युवराजाला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून विराजमान करण्याचा सोहळाही तिथेच झाला होता. तो सोहळा घडवून आणण्यात पुढाकार होता डेव्हिड लॉइड जॉर्ज यांचा. त्यांच्याच मतदारसंघात.

२० डिसेंबर १९५५ रोजी ग्विलिम यांनी एका लेखी प्रश्नाला उत्तर देताना जाहीर केलं की सरकार कार्डिफला वेल्सची राजधानी म्हणून मान्यता देत आहे. ना समारंभ, ना स्वतंत्र कायदा. वडिलांच्या लाडक्या कार्नार्व्हनवर मुलाने फुली मारली, तीही संसदेच्या कागदपत्रातल्या दोन-चार ओळींत. वडील असते तर निदान तोफांची सलामी तरी झाली असती.

१४. कापेल केलिन हे गाव बुडवून लिव्हरपूलला पाणी दिलं गेलं. त्याला ते जबाबदार?

अंशतः, फार तर. त्रिवेरिन खोऱ्यात धरण बांधण्याचा लिव्हरपूल महापालिकेचा बेत १९५५ च्या अखेरीला उघड झाला, म्हणजे ग्विलिम वेल्श मंत्री असताना. पण संसदेत विधेयक मंजूर झालं १९५७ मध्ये, आणि तेव्हा त्या खात्याचे मंत्री हेन्री ब्रूक होते. वेल्समधला राग मुख्यतः ब्रूक यांच्यावरच निघाला.

१५. त्यांनी गृहमंत्रिपद का सोडलं?

सुएझच्या फजितीनंतर ९ जानेवारी १९५७ रोजी पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. मॅकमिलन यांच्या नव्या मंत्रिमंडळात गृहखातं रॅब बटलर यांना गेलं. ग्विलिम तेव्हा ६२ वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात त्यांना उमरावपद मिळालं.

१६. व्हायकाउंट हा किती मोठा किताब? आणि टेन्बीच का?

चढत्या क्रमाने बॅरन, व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक. म्हणजे व्हायकाउंट खालून दुसरा. वरिष्ठ मंत्री निवृत्त झाला की त्याला व्हायकाउंट करण्याचा त्या काळी रिवाजच होता. टेन्बी हे पेंब्रोकशरच्या दक्षिण किनाऱ्यावरचं जुनं तटबंदीचं गाव. जिथून २३ वर्षं निवडून आले त्या जिल्ह्यातल्या गावाचं नाव त्यांनी घेतलं. १९५० मध्ये तिथेच अवघ्या १२९ मतांनी मजूर पक्षाच्या डेस्मंड डॉनेली यांच्याकडून हरले होते, तरीही. न्यूकॅसलचं नाव घ्यावं असं बहुधा कुणाच्या मनातही आलं नसेल.

हा किताब वंशपरंपरागत होता, कारण तहहयात उमराव नेमण्याचा कायदा १९५८ मध्ये आला. एक वर्ष उशीर झाला असता तर कदाचित तो त्यांच्याबरोबरच संपला असता.

१७. वडिलांनी पदव्या विकल्या होत्या ना? मग मुलाची पदवी कशी मिळाली?

वडिलांच्या पंतप्रधानपदाच्या काळात किताबांचा बाजार झाला, हे खरं. पक्षनिधीला देणगी द्या आणि नाइट, बॅरोनेट किंवा लॉर्ड व्हा. १९२२ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि १९२५ मध्ये अशा विक्रीला गुन्हा ठरवणारा कायदा झाला. ग्विलिम यांचा किताब तीन दशकांनंतरचा, दुसऱ्या पक्षाच्या सरकारने माजी गृहमंत्र्याला रिवाजाप्रमाणे दिलेला (प्रश्न १६). त्यात देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. पण त्या पैशातून उभ्या राहिलेल्या राजकीय निधीने लॉइड जॉर्ज घराण्याचं राजकारण वर्षानुवर्षं पोसलं, आणि १९२० च्या दशकात ग्विलिम ज्या वृत्तपत्र कंपनीत होते तिच्यातही त्या निधीचा पैसा होता. हात अगदीच कोरडे म्हणता येणार नाहीत.

१८. 'वेल्श उमराव' असा वेगळा दर्जा कायद्यात आहे का?

नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, ग्रेट ब्रिटन, आयर्लंड आणि युनायटेड किंगडम अशा पाच उमराव-याद्या आहेत, वेल्सची नाही. ग्विलिम यांचा किताब युनायटेड किंगडमच्या यादीतला. 'वेल्श उमराव' म्हणायचं ते माणूस आणि गाव वेल्श म्हणून.

१९. वडील अर्ल असताना ग्विलिम कॉमन्समध्ये कसे बसू शकत होते?

वडिलांना अर्ल हा किताब १९४५ च्या सुरुवातीला मिळाला आणि त्याच वर्षी २६ मार्चला ते वारले. वंशपरंपरेने तो थोरल्या मुलाकडे, रिचर्डकडे, गेला. उमरावाची इतर मुलं कायद्याने सामान्य नागरिकच असतात, त्यामुळे ग्विलिम यांच्या खासदारकीला अडचण आली नाही. स्वतः व्हायकाउंट झाल्यावर मात्र न्यूकॅसलची जागा रिकामी झाली आणि मार्च १९५७ मध्ये तिथे पोटनिवडणूक घ्यावी लागली.

२०. भारताशी त्यांचा काही संबंध?

त्यांचा स्वतःचा सांगण्यासारखा नाही. वडिलांचा मात्र आहे. आयसीएसला 'पोलादी चौकट' म्हणणारं भाषण डेव्हिड लॉइड जॉर्ज यांचं, ऑगस्ट १९२२ मधलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी ग्विलिम पहिल्यांदा निवडून आले, त्यामुळे 'ते भाषण मुलाने ऐकलं का' याचं उत्तर, खासदार म्हणून तरी नाही. १९१९ च्या मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणाही वडिलांच्याच काळातल्या. आणि त्याच वर्षी सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे वंशपरंपरागत किताब मिळालेले पहिले भारतीय उमराव झाले: बॅरन सिन्हा ऑफ रायपूर. हे रायपूर छत्तीसगडचं नव्हे, बंगालमधल्या बीरभूमचं.

२१. टेन्बी आणि अर्ल लॉइड जॉर्ज या दोन वेगळ्या शाखा आहेत का? पुढे काय झालं?

हो, दोन. थोरल्या मुलाच्या, रिचर्डच्या, शाखेकडे 'अर्ल लॉइड जॉर्ज ऑफ ड्वायफोर' हा किताब, धाकट्याच्या शाखेकडे 'व्हायकाउंट टेन्बी'. ग्विलिम यांचं लग्न १९२१ मध्ये एड्ना जोन्स यांच्याशी झालं, मुलगे दोन. थोरला डेव्हिड १९६७ मध्ये दुसरा व्हायकाउंट झाला आणि १९८३ मध्ये वारला. मग धाकटा विल्यम तिसरा व्हायकाउंट. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमराव हाउस ऑफ लॉर्ड्समधून बाहेर गेले, पण ९२ जणांना राहू दिलं, त्यांत विल्यम होते. ते कोणत्याही पक्षाच्या बाकावर बसत नसत. २०१५ मध्ये निवृत्त झाले, २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं.

जुन्या बातम्यांत नुसतं 'लॉर्ड टेन्बी' दिसलं तर आधी तारीख पाहा: १९५७ ते १९६७ म्हणजे ग्विलिम, १९८३ पर्यंत डेव्हिड, त्यानंतर २०२३ पर्यंत विल्यम.